मन्याची माती

मांजर मनुष्याच्या घरांत राहतें हें खरें. परंतु तें मनुष्याच्या आज्ञेंत राहतें असें कोणी म्हटलें, तर ज्यानें मांजर पाळलें आहे तो हंसल्यावांचून राहणार नाहीं. कुत्र्यास ‘बैस’ म्हटलें म्हणजे तो बसतो. मांजरास ‘बैस’ म्हटलें म्हणजे तें उठून जातें. असें हें स्वच्छंदी जनावर एका बाबतींत मात्र गुरूवांचून शहाणें असतें. तीन-चार आठवड्यांच्या पिलास भुसभुशीत माती मिळाली कीं तें ती पंजानें उकरतें, आपला विधि उरकतें, आणि वरून माती ओढून सर्व झांकून टाकतें. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें एखाद्या वाचकास वाटेल. त्यास माझी एवढीच विनंति कीं, नाकास रुमाल लावून कां होईना, पण त्यानें पुढें वाचावें. कारण याच विषयावरून आमच्या घरांतील एक जीव घराबाहेर जाण्याची वेळ आली होती, आणि तो जीव मांजराचा कीं आजीचा, हेंही कांहीं दिवस ठरत नव्हतें.

मन्या हा आमच्या आजीचा बोका. अलिबागजवळच्या एका खेड्यांत आजीची लहानशी वाडी आहे. २०१९ सालच्या पावसाळ्यांत मुठीएवढें एक भिजलेलें पिलूं तिच्या पडवींत येऊन ओरडूं लागलें, तोच हा मन्या. वाडींत त्यास कशाचीच वाण नव्हती. पोफळींच्या बुंध्याशीं मऊ माती, परसांत चुलीच्या राखेचा ढीग, आणि कुंपणापलीकडे हवी तेवढी पुळण. २०२३ सालीं आमचे आजोबा वारले, वाडीच्या घरास कुलूप लागलें, आणि आजी ठाण्यास आमच्या बिऱ्हाडीं चौथ्या मजल्यावर राहावयास आली. तिच्या सामानांत एक ट्रंक, एक पितळी डबा आणि वेताच्या करंडींत बसलेला मन्या, एवढेंच होतें.

चौथ्या मजल्यावर माती कोठून आणावी? त्यासाठीं शहरांत पिशव्यांतून एक तयार पदार्थ विकत मिळतो. दुकानांत त्यास ‘लिटर’ म्हणतात. आजी त्यास ‘मन्याची माती’ म्हणते, आणि मला तेंच नांव अधिक बरोबर वाटतें; कारण तो पदार्थ खरोखरच माती असतो. त्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. पूर्वीं अमेरिकेंत घरांतील मांजरांसाठीं पेटींत राख, वाळू किंवा साधी माती घालीत. १९४७ सालच्या हिवाळ्यांत मिशिगन संस्थानांत राहणाऱ्या एडवर्ड लो नामक तरुणाकडे एक शेजारीण थोडी वाळू मागावयास आली. तिच्याकडील वाळूचा ढीग थंडीनें गोठला होता. कारखान्यांत सांडलेलें तेल शोषून घेण्यासाठीं जी भाजलेली, दाणेदार माती वापरतात, ती विकण्याचा लो यांचा धंदा होता. त्यांनीं वाळूऐवजीं तीच दिली. त्या मातीनें ओल शोषली आणि वासही दाबून धरला. शेजारीण पुन्हां मागावयास आली. मग लो यांनीं पांच पांच पौंडांच्या पिशव्या भरून ती विकावयास काढली, आणि पुढें त्याच मातीवर ते श्रीमंत झाले. ही माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या गोत्रांतलीच होय. पुढें १९८० नंतरच्या दशकांत बेंटोनाइट नांवाच्या मातीचा उपयोग सुरू झाला. ही ओली झाली म्हणजे फुगते व तिचा घट्ट गोळा होतो. तो गोळा भजीं काढण्याच्या झाऱ्यासारख्या एका पळीनें उचलून टाकला कीं बाकीची माती कोरडी राहते. आपल्या देशांत ती कच्छांत व राजस्थानांतील बारमेरकडे निघते. अलिबागचा बोका ठाण्यास येऊन बेंटोनाइटावर बसूं लागला, आणि दीड वर्ष कोणाचीच कांहीं तक्रार नव्हती.

२०२४ च्या दिवाळीनंतर आजीचा जुना दमा उसळला. रात्र रात्र ती उशांना टेकून बसून काढूं लागली. डॉक्टरांनीं औषध दिलें, छाती तपासली, आणि घरांत धूळ कोठून कोठून उठते हें विचारलें. आजीनें मोठ्या सरळपणें सांगितलें कीं, रोज सकाळीं मन्याची पेटी तीच उपसते, आणि पिशवींतून नवी माती ओततांना पांढरा धुरळा नाकातोंडांत जातो. डॉक्टर म्हणाले, “ती माती आधीं बंद करा. दोन महिने पाहूं. तेवढ्यानें भागलें तर उत्तमच. न भागलें तर मांजराचा विचार करावा लागेल.” मांजराच्या लाळेंतून व कातडीवरील कोंड्यांतून निघणारे कांहीं सूक्ष्म पदार्थ दमेकऱ्यास सोसत नाहींत, हेंही त्यांनीं समजावून सांगितलें. ‘विचार’ म्हणजे काय, हें कोणीं विचारलें नाहीं. रिक्षांत बसल्यावर आजी बाबांना म्हणाली, “त्याला पाठवायचा असेल तर मलाही पाठवा. वाडीचं कुलूप उघडायला असा किती वेळ लागतो?” बाबा गप्प राहिले. त्या बंद घरीं तिनें एकटीनें दमा घेऊन राहावें, ही कल्पना आम्हांपैकीं कोणासच सहन होण्यासारखी नव्हती.

आमचे बाबा तडकाफडकी निकाल लावणारे गृहस्थ आहेत. दुसऱ्याच दिवशीं, रविवारीं, त्यांनीं सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेलें, धूळ न उडणारें नवें लिटर आणलें. सोयाबीन वाटून दूध काढल्यावर जो चोथा उरतो त्याच्या बारीक कांड्या पाडून त्या वाळवतात. त्या ओल्या झाल्या म्हणजे एकमेकींस चिकटाव्या म्हणून त्यांत बहुधा गवारीच्या बियांचा डिंक घालतात. जी गवार आपण भाजी म्हणून खातों तीच ही. हा डिंक जगांत सर्वांत अधिक आपल्याच देशांत, त्यांतही राजस्थानांत, तयार होतो. बाबांनीं मन्याची पेटी रिकामी केली, फिनेल घालून लख्ख धुतली, आणि तींत तें नवें लिटर कांठोकांठ ओतलें. घरांत धुळीचा कण उडाला नाहीं. आजीनें वांकून पाहिलें आणि म्हणाली, “अरे, ही तर शेव! शेवेवर कोण जाईल?”

मन्या गेला नाहीं. तो आला, त्यानें वास घेतला, एक पंजा आंत टाकला, आणि तापलेल्या तव्यावर पडल्याप्रमाणें तो झटकून परत घेतला. रात्र गेली. सकाळीं पेटी जशीच्या तशी. सोमवारीं दुपारपर्यंत तो पांच-सात वेळां पेटीपर्यंत जाऊन परतला. संध्याकाळीं तो मोरीच्या कोपऱ्यांत बसला, पुन्हां उठला, आणि एक लांब, दबलेला आवाज काढूं लागला. तो आवाज ऐकून आजीनें जपमाळ खालीं ठेवली.

येथें मला विषय थोडा बाजूस ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण घरीं बोका असणाऱ्या प्रत्येकास ती ठाऊक असावी. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. कधीं खड्यांनीं, कधीं चिकट द्रव्यानें ती बंद होते. मग तो वारंवार लघवीस बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि थेंबही पडत नाहीं. अशा वेळीं ‘उद्यां पाहूं’ म्हणणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ होय. एकदोन दिवसांत विष अंगांत भिनून जनावर दगावतें. आम्ही त्याच रात्रीं पशुवैद्यांकडे गेलों.

त्यांनीं मन्याचें पोट चांचपून पाहिलें. मूत्राशय भरलेला होता, पण दगडासारखा कठीण नव्हता. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला तो हा, “गेल्या दोन दिवसांत घरांत काय बदललं?” बाबांनीं शेवेची हकीकत सांगितली. डॉक्टर हंसले नाहींत. त्यांनीं आंतल्या खोलींत एका तसराळ्यांत साधी माती घालून मन्यास तेथें एकटें सोडलें आणि दार लावून घेतलें. दहा-पंधरा मिनिटांनीं दार उघडलें, तेव्हां तसराळ्याच्या मध्यभागीं नीट झांकलेला एक ढिगारा होता, आणि मन्या खिडकींत बसून अंग चाटीत होता. आजीच्या डोळ्यांस पाणी आलें. मुतण्यावरून कोणास इतका आनंद झालेला मीं त्यापूर्वीं पाहिला नव्हता.

मांजर असें कां करतें, हें मग डॉक्टरांनीं सांगितलें. आपलें पाळीव मांजर ज्या रानमांजरापासून झालें, तें उत्तर आफ्रिकेंतील व पश्चिम आशियांतील कोरड्या प्रदेशांत राहणारें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें हें वंशमूळ स्पष्ट झालें. मनुष्याची व त्याची सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर मिळाल्याची वार्ता २००४ सालीं प्रसिद्ध झाली होती. म्हणजे आमच्या मन्याच्या पूर्वजांनीं हजारों पिढ्या वाळूंत उकरण्यांत घालविल्या, आणि तो स्वतः राखेंत व पुळणींत वाढला. लहानपणीं पायाखालीं जें लागलें तेंच मांजरास ‘जागा’ म्हणून ओळखूं येतें. त्याच्या पंजाच्या गाद्या फार नाजूक असतात, नाक तर आपल्या नाकापेक्षां कितीतरी पट तीक्ष्ण. निवड करूं दिली तर बहुतेक मांजरें बारीक, वाळूसारखी व बिनवासाची माती पसंत करतात, असें प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना आढळलें आहे. तरी बाजारांत गुलाबाच्या व लव्हेंडरच्या वासाचीं लिटरें विकावयास असतातच. तो सुगंध मालकाच्या नाकासाठीं घातलेला असतो. पेटींत बसावयाचें असतें मांजरास!

फिनेलाची गोष्ट ऐकून मात्र डॉक्टर गंभीर झाले. फिनेलाच्या कांहीं प्रकारांत जीं द्रव्यें असतात, तीं पचवून अंगाबाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी आहे. पायांस लागलेलें फिनेल तें चाटतें आणि त्यास विषबाधा होते. पेटी साध्या साबणानें व ऊन पाण्यानें धुवावी, एवढेंच पुरे.

घरीं येतांच जुनी माती पुन्हां पेटींत गेली. पण आजीचा दमा? पेटी मागच्या गच्चीवजा बाल्कनींत, वाऱ्यावर ठेवली. उपसण्याचें काम मीं अंगावर घेतलें आणि तोंडास फडकें बांधून तें करूं लागलों. आजीनें उंबरठ्याच्या आंत पाटावर बसून हुकूम सोडावे, असें ठरलें. हें काम तिला उत्तम साधलें.

डॉक्टरांनीं दोन मार्ग सुचविले होते: एक, जुन्या मातींत नवें लिटर थोडें थोडें मिसळत जावें, दुसरा, नव्या लिटराची निराळी पेटी जुनीच्या शेजारीं ठेवून निवड मांजरावर सोंपवावी. घरांत जितकीं मांजरें असतील त्यांहून एक पेटी अधिक असावी, आणि पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावी, असाही एक नियम त्यांनीं सांगितला. बाबांनीं कपडे भिजवण्याचें एक पसरट टब आणलें. आम्हीं दोन्ही मार्ग एकदमच धरले, आणि त्यांत आजीनें आपला तिसरा घातला.

“दुधाचं दहीं व्हायचं तर विरजण लागतं कीं नाहीं?” ती म्हणाली. “नुसत्या दुधाकडे दिवसभर बघत बसलं तर तें नासेल. त्या शेवेला विरजण लावा.” तिच्या सांगण्यावरून मीं जुन्या पेटींतील एक ओला गोळा झाऱ्यानें उचलून नव्या टबांत मध्यभागीं ठेवला. दुसऱ्या दिवशीं पहिला काढून दुसरा. मन्यास त्या शेवेंतून स्वतःचाच वास येऊं लागला. पुढें पशुवैद्यांस हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले कीं, तेही लोकांस हेंच सांगतात. फक्त इतकें चांगलें सांगतां येत नाहीं. आजीनें आणखी एक केलें. शेवेच्या कांड्या पंजास टोंचत असाव्या असें मनांत येऊन तिनें त्या जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधविल्या आणि मोडीत काढलेल्या लाटण्यानें माझ्याकडून भरडून घेतल्या. पहिले तीन आठवडे मन्यास शेव मिळाली ती अशी, रव्याएवढी नव्हे पण कण्यांएवढी तरी.

जुन्या पेटींतील मिश्रणासाठीं तांदूळ मोजण्याचें एक जुनें मापटें घेतलें. नऊ मापटीं माती, एक मापटें शेव. चार दिवस तक्रार नाहीं, तर आठ व दोन. मीं एक वही केली. तींत तारीख, मापटीं, आणि मन्या किती वेळां गेला हें लिहून ठेवीत असें. आमच्या गणिताच्या मास्तरांनीं ती वही पाहिली असती तर माझ्याविषयींचें त्यांचें मत पुष्कळ सुधारलें असतें. सातास तीन झालें, सहास चार झालें. मिश्रण निम्में-निम्में झालें त्याच दिवशीं मन्यानें दारांतील पायपुसण्यावर आपलें मत नोंदवलें. बाबा रागावले. त्याला तेथें नेऊन नाक घांसावें, अशी शिक्षा आमच्या एका शेजाऱ्यांनीं सुचविली. आजीनें ती तात्काळ फेटाळली. मांजरास शिक्षा आणि अपराध यांचा संबंध जोडतां येत नाहीं. त्यास फक्त एवढें कळतें कीं, ही माणसें भिण्यासारखीं आहेत, आणि मग तें पलंगाखालचा कोपरा शोधतें. पायपुसणें धुऊन उन्हांत टाकलें, कांहीं दिवस तें तेथून उचललेंच, आणि मिश्रण पुन्हां सहा-चारावर आणून आठवडाभर तेथेंच ठेवलें. घाई करणाराच्या हातीं येथें कांहीं लागत नाहीं.

त्या आठवड्यांत एके रात्रीं आजीस मोठी धाप लागली. बाबा तिच्या पाठीवर हात फिरवीत बसले होते. मन्या पायथ्याशीं. बाबा त्याच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या मनांत काय चाललें होतें तें मला दिसत होतें. दोन महिन्यांपैकीं एक संपला होता. पहांटे आजी जरा स्वस्थ झाली तेव्हां तिनें मला हळूच विचारलें, “आज किती मापटीं?” मीं म्हटलें, “चार.” ती म्हणाली, “उद्यां पांच करून बघ. न जमलं तर पुन्हां चार.”

जमलें. पांच, मग सहा. गम्मत अशी कीं, शेवटचीं मापटीं मोजण्याचें कामच पडलें नाहीं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत एका सकाळीं मीं बाल्कनींत गेलों, तर जुनी पेटी कोरडी, आणि शेजारच्या टबांत, जेथें केवळ शेव व विरजण होतें तेथें, दोन ताजे ढिगारे. मन्यानें पेटी आपणच बदलली होती. त्या दिवसापासून पेटींतील माती कायमची बंद झाली. सर्व मिळून सात आठवडे लागले. पिशवीवर ‘सात दिवसांत संवय’ असें छापलेलें होतें. तें कोणत्या मांजरास उद्देशून होतें कोण जाणे.

फेब्रुवारींत आजीच्या डॉक्टरांनीं तिची छाती पुन्हां तपासली. धाप पुष्कळ कमी झाली होती; रात्रीं ती आडवी होऊन झोंपूं लागली होती. मांजर घरांत राहूं शकेल, पण तिच्या अंथरुणांत नको, असा त्यांनीं निकाल दिला. ही अट आजीनें मान्य केली आहे. मन्यानें अद्याप केलेली नाहीं.

पालकवर्गासाठीं आणखी थोडें. ओला झाल्यावर गोळा होणारी माती मोरींत किंवा शौचकूपांत कधींही ओतूं नये. ती नळांत फुगून बसते. शेव पाण्यांत विरघळते असें विकणारे सांगतात, तरी आम्ही ती कचऱ्यांतच टाकतों. अगदीं लहान पिलें माती चाटतात, म्हणून तीं मोठीं होईपर्यंत त्यांना गोळा न होणारें लिटर द्यावें. मांजराच्या विष्ठेंतून एक सूक्ष्म परोपजीवी बाहेर पडण्याचा संभव असतो, आणि गर्भावर त्याचा वाईट परिणाम होऊं शकतो. म्हणून गर्भवती स्त्रियांनीं पेटी उपसण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवावें. तो बाहेर पडल्यापासून एक ते पांच दिवसांनीं बाधक होतो, तेव्हां रोजच्या रोज उपसणें हाच खरा बंदोबस्त. नंतर हात साबणानें धुणें आलेंच.

शेवेचा एक दोष पावसाळ्यांत कळला. जूनच्या दमट हवेंत पिशवी उघडी राहिली कीं कांड्या मऊ पडतात आणि त्यांवर बुरशी धरते. म्हणून आजीनें आपला घट्ट झांकणाचा पितळी डबा, अलिबागेहून आणलेला तोच, मन्यासाठीं दिला. आषाढांत गांवाकडून एक पाहुणे आले. चहा येईपर्यंत त्यांनीं कोपऱ्यांतील डबा सहज उघडला आणि आंत हात घातला. आई ओरडली म्हणून बरें. आतां त्या डब्यावर आजीच्या थरथरत्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘शेव नव्हे.’